पूर यायच्या आधी ठरवायच्या गोष्टी : शिरोळ तालुका आणि आसपासची नदीकाठची गावं

नदीकाठचा (धागाकर्ता)

शिरोळ तालुक्यात कृष्णेच्या काठाला आमचं गाव. घरात आई-वडील, काका-काकू; गोठ्यात दोन म्हशी, एक गाय, एक रेडकू. मी आणि चुलतभाऊ दोघंही पुण्यात. २०१९ ला घरात पाणी आलं, २०२१ ला पुन्हा आलं. तेव्हापासून दर पावसाळ्यात आम्ही इथं बसून फोनवर नुसती काळजी करतो.

'पुराआधी काय तयारी करावी' असं शोधलं की सगळीकडं तीच यादी सापडते. टॉर्च, शिट्टी, बिस्किटं, प्रथमोपचार पेटी, कागदपत्रं प्लास्टिकच्या पिशवीत. त्यात चुकीचं काही नाही, पण ती यादी लिहिणाऱ्याच्या दारात म्हैस बांधलेली नसावी. आमचे प्रश्न असे आहेत : घर नेमकं कधी सोडायचं, आणि ते कुणी, कशावरून ठरवायचं? जनावरं कुठं न्यायची? वर्षाचं धान्य, बियाणं, खताची पोती यांचं काय? आणि 'एवढं पाणी काय दरवर्षी येतं होय' म्हणून खाट न सोडणाऱ्या वडीलधाऱ्यांना बाहेर कसं काढायचं?

काठावर राहिलेल्यांनी, तिथं काम केलेल्यांनी लिहावं ही विनंती. अलमट्टीसाठी (कर्नाटकातलं कृष्णेवरचं धरण) आधीच ढीगभर धागे आहेत, तो विषय कृपया तिकडे.


परखड_पंत

अलमट्टी वगळून शिरोळच्या पुराची चर्चा! छान. कर्नाटक धरणाची पातळी ५१९.६० मीटरवरून ५२४.२५६ वर न्यायला निघालंय आणि आपण इथं धान्याची पोती कुठं ठेवायची ते बोलतोय. प्रत्येकानं आपापल्या घराची तयारी करा म्हणणं म्हणजे सरकारला हात झटकायला वाट करून देणं. बाकी चालू द्या.


निवृत्त_पाटबंधारे

पंत, उंची वाढवायला विरोध करायलाच हवा आणि महाराष्ट्रानं तो केलाही आहे. २०१९ नंतर नेमलेल्या वडनेरे समितीनं मात्र त्या पुराचं खापर अलमट्टीवर फोडलं नव्हतं. अनेकांना ते पटलं नाही, हेही खरं. हा वाद आपल्या नातवंडांपर्यंत चालेल. पाणी जुलैत येईल. म्हणून मूळ प्रश्नाकडं येतो, आणि जरा सविस्तर लिहितो.

शिरोळ तालुक्यात कृष्णा, पंचगंगा, वारणा आणि दूधगंगा अशा चार नद्यांचं पाणी येतं. कृष्णा चढलेली असली की नृसिंहवाडीच्या संगमावर पंचगंगेचं पाणी तिच्यात नीट शिरत नाही, मागं फुगतं. हा फुगवटा ध्यानात घ्या. गावात ऊन पडलेलं असतं, पाऊस थांबलेला असतो, आणि पाणी मात्र चढत असतं. कारण ते महाबळेश्वर, कोयना, राधानगरी, दाजीपूरकडून यायचं असतं. आकाश उघडलं म्हणून निर्धास्त होणारे इथंच फसतात. आपल्या गावात किती पाऊस पडला याला पुराच्या हिशेबात फारशी किंमत नाही. घाटमाथ्यावर किती पडला ते बघा.

आता आकडे. कोल्हापूरला राजाराम बंधाऱ्यावर इशारा पातळी ३९ फूट, धोका पातळी ४३ फूट. सांगलीला आयर्विन पुलावर इशारा ४० फूट, धोका ४५ फूट. टीव्हीवर आणि पेपरात हेच येतात. हे आकडे त्या त्या शहरासाठी आहेत, तुमच्या उंबऱ्यासाठी नाहीत. शिवाय दोन्ही नद्या एका चालीनं चढत नाहीत. २०१९ ला आयर्विनला पाणी ५७ फुटांच्या वर गेलं, राजारामला ५५ च्या वर. २०२१ ला राजारामला त्याहून जास्त, ५६ च्या वर. सांगलीत मात्र २०१९ पेक्षा कमी. म्हणजे 'गेल्या वेळी पायरीपर्यंतच आलं होतं' हा हिशेब पुढच्या वेळी लागू पडेलच असं नाही. तुमचं गाव कुठल्या नदीच्या फुगवट्यात आहे त्यावर सगळं अवलंबून.

म्हणून प्रत्येक घरानं दोन आकडे काढावेत. एक, आपल्या उंबऱ्याला पाणी लागतं तेव्हा जवळच्या मोजणीच्या ठिकाणी किती फूट असतं. दोन, आपल्या गावातून बाहेर जाणारा शेवटचा रस्ता बंद होतो तेव्हा तिथं किती फूट असतं. पहिला आकडा सगळ्यांना माहीत असतो, कारण भिंतीवर खूण असते. दुसरा विचारला की लोक एकमेकांकडं बघतात. आणि जीव वाचवणारा आकडा दुसराच आहे.

घरात पाणी यायच्या पुष्कळ आधी रस्ता जातो. ओढ्यावरची फरशी, मळीतला सखल तुकडा, पुलाचा जोडरस्ता, हे आधी बुडतं. गाव कोरडं असतं पण त्याचं बेट झालेलं असतं. माणसं उंबऱ्याकडं बघत बसतात आणि म्हणतात, अजून तीन पायऱ्या आहेत. निघायचं ते रस्ता जायच्या आधी. त्यानंतर निघायचं तर बोट लागणार, आणि बोटीत म्हैस चढत नाही.

हा दुसरा आकडा काढणं अवघड नाही. २०१९ आणि २०२१ ला रस्ता कुठल्या दिवशी, साधारण किती वाजता बंद झाला हे पोलीस पाटलांना, दूध गोळा करणाऱ्या गाडीवाल्याला, एसटीच्या वाहकाला विचारा. त्या दिवसाचे पेपर काढा, पातळी छापलेली असते. दोन पुरांचा आकडा जुळला तर उत्तम. नाही जुळला तर लहान आकडा धरा. आणि तो आकडा घराच्या दारामागं ऑइलपेंटनं लिहून ठेवा.


मीनल_क

काका, बोटीत म्हैस चढत नाही हे वाचून आधी हसले, मग हसू गेलं. २०१९ ला आमचे सासरे शेवटपर्यंत निघाले नाहीत ते म्हसरांसाठीच. बोटवाले गल्लीच्या तोंडाशी ओरडत होते आणि हे गोठ्यात गुडघाभर पाण्यात वैरणीची पेंढी उंच धरून उभे. नंतर दावी कापून जनावरं सोडली. एक पोहत जाऊन देवळाच्या कट्ट्यावर लागली, एक गेली.

आता आमच्या गल्लीत असं ठरवलंय. माळाकडच्या गावात ज्याचा त्याचा एक ओळखीचा गोठा पक्का केलेला आहे. पाहुणे असतील तर पाहुणे, नाहीतर ओळखीनं. हे बोलणं मे महिन्यातच करायचं. आणि जनावराआधी वैरण पाठवायची. जनावर घेऊन दारात उभं राहिलं तर आपल्याकडं कुणी नाही म्हणत नाही. पण वैरण बरोबर नसली की चौथ्या दिवसापासून घरातली बोलणी कानावर यायला लागतात. कडबा, पेंड आधीच तिथं टाकून ठेवली की मान ताठ राहते.

नृसिंहवाडीला दक्षिणद्वार झालं, म्हणजे नदीचं पाणी दत्ताच्या देवळात शिरून दक्षिणेच्या दारानं बाहेर पडलं, की आमच्याकडं सगळे स्नानाला पळतात. आम्हीपण जातो. पण आमच्यात आता तोच इशारा धरलाय. दक्षिणद्वार झालं की त्या आठवड्यात वैरणीची ट्रॉली माळावर. त्या वर्षी मोठा पूर येवो न येवो, वैरण काही वाया जात नाही.

सगळी जनावरं एकदम हलवत नाही. भाकड, रेडकं, शेळ्या आधी. दुभती मागं, कारण सकाळ-संध्याकाळ दूध डेअरीला घालायचं असतं. तेही काकांनी सांगितलेल्या रस्त्याच्या हिशेबानं.

आणि म्हाताऱ्या माणसांचं. त्यांना 'पूर येतोय, चला' म्हणू नका. 'म्हशीजवळ घरचं कुणीतरी पाहिजे, परक्याच्या हाताला ती पान्हा सोडायची नाही' म्हणा. लगेच उठतात. आमचे सासरे २०२१ ला सगळ्यात पहिले गेले.


नदीकाठचा

मीनलताई, ही शेवटची युक्ती वडिलांवर शंभर टक्के चालेल. निवृत्तकाका, रस्त्याचा आकडा खरंच कुणालाच माहीत नव्हता. आत्ताच काकांना फोन केला, ते म्हणाले, 'रस्ता ना, तो तर लगेच जातो.' लगेच म्हणजे कधी, तर उत्तर नाही.


शंकेखोर

सगळं छान आहे. पण एक विचारतो. एखाद्या वर्षी तुम्ही त्या आकड्यावर जनावरं हलवली आणि पुढं पाणी आलंच नाही तर? जागा बदलली की दूध आटतं, टेम्पोचं भाडं जातं, पाहुण्याचं मिंधेपण वेगळंच. दुसऱ्या वर्षी तसंच झालं तर तिसऱ्या वर्षी कोण हलेल? असे किती वेळा फुकट हलवणं झालं याचा काही विदा (डेटा) आहे का?


निवृत्त_पाटबंधारे

विदा नाही, पण प्रश्न रास्त आहे. म्हणूनच मीनलताईंची टप्प्याटप्प्यानं हलवायची पद्धत मला आवडली. वैरण आधी गेली तर नुकसान काहीच नाही. भाकड जनावरं गेली तर दूध घटत नाही. दुभत्यांचा निर्णय शेवटी घ्यायचा, तो इशारा पातळी, धरणांचा विसर्ग आणि घाटावरचा पाऊस असं तिन्ही बघून. हवामान खातं २०४.४ मिलिमीटरच्या वर पावसाला अत्यंत मुसळधार म्हणतं. घाटमाथ्यासाठी लाल इशारा आहे, धरणं आधीच भरत आलीत आणि नदी इशाऱ्याला टेकली आहे, असं असताना फुकट गेलेलं टेम्पोचं भाडं विम्याचा हप्ता समजून सोडून द्यावं.

विसर्गाबद्दल एक खुलासा, कारण दरवर्षी व्हॉट्सॲपवर 'रात्री गुपचूप पाणी सोडलं' सुरू होतं. राधानगरीचे सात दरवाजे स्वयंचलित आहेत. तलाव भरला की पाण्याच्या दाबानं आपोआप उघडतात, पातळी उतरली की मिटतात. एका दरवाजातून १४२८ क्युसेक, म्हणजे सेकंदाला तेवढे घनफूट पाणी. तिथं कुणी रात्री बटण दाबत नाही. कोयनेचं वेगळं. १०५.२५ टीएमसीचं (अब्ज घनफूट) धरण, वक्र दरवाजे माणसं उचलतात, आणि किती फुटांनी उचलणार ते आधी कळवतात. ती बातमी आल्यापासून पाणी आपल्यापर्यंत पोचेतो हातात काही तास असतात. ते तास पुलावर उभं राहून व्हिडिओ काढण्यात घालवू नयेत, एवढंच.


गोठा_डॉक्टर

पशुवैद्यक आहे, याच भागात बरीच वर्षं काम केलंय. मीनलताईंनी मुख्य ते सांगितलं, मी उरलेलं सांगतो.

घटसर्प आणि फऱ्याची लस पावसाळ्याआधी, मे-जूनमध्ये. छावणीत दहा गावची जनावरं एकत्र बांधली जातात, एकाला घटसर्प झाला की रांग लागते. पुराच्या आठवड्यात लस टोचून लगेच उपयोग होत नाही, शरीराला वेळ लागतो.

कानातला बिल्ला. हा विषय लोक हसण्यावारी नेतात. २०२४ च्या जूनपासून राज्यात बिल्ल्याची सक्ती झाली आहे, आणि आपत्तीत जनावर दगावलं तर भरपाईलाही तो बघतात. बारा आकडी नंबर असतो. जनावराचा बिल्ल्यासकट, मालकासकट फोटो मोबाइलमध्ये ठेवा आणि तो घरातल्या पुण्या-मुंबईच्या माणसाला पाठवून ठेवा. गावातला मोबाइल पाण्यात गेला तरी फोटो राहतो. केंद्राच्या २०२२ ते २०२६ च्या निकषांत दुभत्या गायी-म्हशीला ३७,५०० रुपये धरले होते, शेळी-मेंढीला ४,०००, आणि त्यालाही संख्येची मर्यादा. चांगली मुऱ्हा आज लाखाच्या पुढं जाते. तेव्हा भरपाईच्या भरवशावर जनावर मागं ठेवू नये.

दावं. नायलॉनची गाठ भिजली की हातानं सुटत नाही. पावसाळ्यात ओढगाठ मारा, आणि गोठ्याच्या मेढीला, छातीच्या उंचीवर, एक धारदार विळा खोचून ठेवा. खाली ठेवलेला विळा चिखलात सापडत नाही. जनावर सोडायचं तर वेळेवर सोडा. म्हैस चांगली पोहते, पण बांधलेली म्हैस पोहत नाही.

पूर ओसरल्यावर भिजून काळी पडलेली, बुरशी आलेली वैरण पोटात जाऊ देऊ नका. लोक म्हणतात, वाळवून घालू. नको. त्यापेक्षा उसाचं वाडं, मिळेल तो हिरवा चारा घाला. आणि चिखलात उभ्या दुभत्या जनावराची कास रोज धुऊन कोरडी करा, नाहीतर दगडी (कासेची सूज) होते आणि पुरातून वाचवलेली म्हैस नंतर हातातून जाते.


परखड_पंत

डॉक्टर, प्रतिसाद आवडला. विळ्याची गोष्ट कुठल्याही सरकारी पत्रकात वाचली नव्हती.


वाशिष्ठीकर

कोकणातून. थोडं अवांतर, पण वाचणाऱ्यांत आमच्याकडचेही असतील. वरचं सगळं शिरोळ-सांगलीला लागू आहे, चिपळूणला नाही. तुमच्याकडं पाणी दिवसा-दिवसानं चढतं. २२ जुलै २०२१ ला वाशिष्ठी आणि शिव नदीचं पाणी भल्या पहाटे शिरलं आणि उजाडेपर्यंत बाजारपेठेत तळमजले गेले. त्यात भरतीची वेळ असली तर पाण्याला समुद्राकडं वाटच नसते. आम्हाला आकड्याची वाट बघत बसणं परवडत नाही. घाटात रात्रभर कोसळतोय आणि भरती आहे म्हटलं की झोपण्याआधीच गाडी उंचावर, म्हातारी माणसं वरच्या मजल्यावर, आणि शेजारच्या स्लॅबच्या घराची किल्ली कुणाकडं आहे ते माहीत.

त्याच दिवशी महाड तालुक्यात तळियेवर दरड आली. डोंगराच्या पायथ्याला राहणाऱ्यांनी पाण्याकडं नव्हे, जमिनीकडं बघावं. घरामागं नवी भेग, खांब किंवा झाड कललेलं, झऱ्याचं पाणी एकाएकी गढूळ किंवा बंद, दार अचानक चौकटीत अडकायला लागलं, यातलं काहीही दिसलं तर पाऊस थांबायची वाट बघू नका. माळीण २०१४ ला सकाळी गेलं, इर्शाळवाडी २०२३ ला रात्री. तिथं बांधाबांध करायला वेळ नसतो.


शंकेखोर

प्रकाटाआ (प्रतिसाद काढून टाकला आहे).


उंबरठा_ताई

आरोग्य विभागात गावपातळीवर काम करते. माझ्या अनुभवात पुरानंतरचे पंधरा दिवस पुराइतकेच वाईट असतात.

आधीचं : गावातल्या सातव्या महिन्याच्या पुढच्या बायका, डायलिसिसचे रुग्ण, इन्सुलिन घेणारे, खाटेला खिळलेले यांची यादी आशाताईंकडं असते. आपल्या घरातलं असं माणूस त्या यादीत आहे ना, हे जूनमध्ये विचारून घ्या. अशांना नदी इशाऱ्याला टेकली की पहिल्या गाडीनं हलवायचं. रस्ता बंद झाल्यावर १०८ ची गाडी पाण्याच्या अलीकडंच उभी राहते. रोजच्या गोळ्या महिनाभराच्या बाजूला काढा, आणि चिठ्ठीचा फोटो.

विहिरीत, टाकीत टीसीएल (ब्लीचिंग पावडर) टाकल्याशिवाय पाणी प्यायचं नाही. चांगली पावडर असेल तर हजार लिटरला साधारण अडीच ग्रॅम, नंतर अर्धा तास थांबायचं. उघडं पडलेलं पोतं काही महिन्यांनी नुसता चुना होतं, त्यामुळं ग्रामपंचायतीनं ओटी टेस्ट (पाण्यात क्लोरीन आहे का ते बघायची) केली का हे विचारायला लाजू नका. शंका असेल तर उकळून प्या.

चिखल काढताना गमबूट. अनवाणी नको. लेप्टोचा ताप (लेप्टोस्पायरोसिस) उंदरांच्या, जनावरांच्या मुतानं दूषित झालेल्या पाण्यातून होतो, पायाला जखम असली की लवकर. ताप, पोटऱ्यांत कळा, डोळे लाल असं दिसलं तर त्याच दिवशी आरोग्य केंद्रात. 'अंग भिजलं म्हणून ताप' असं म्हणत दोन दिवस काढू नयेत. प्रतिबंधाच्या गोळ्या केंद्रातून मिळतात, त्या डॉक्टर सांगतील तशाच.

आणि साप. पाण्यानं बिळं भरली की घोणस, नाग सगळे कोरडी जागा शोधतात. ती जागा म्हणजे तुमचा माळा, जळणाचा ढीग, गुंडाळून ठेवलेली गादी. घरात गेल्यावर आधी काठी, मग हात. चावलाच तर मांत्रिक नको, जखम कापणं नको, आवळून बांधणं नको, थेट ग्रामीण रुग्णालय.


मीनल_क

उंबरठाताई +१. आमच्याकडं पिठाच्या डब्यामागं निघाला होता.


कागदोपत्री

धान्य आणि कागदांबद्दल कुणी लिहिलं नाही म्हणून.

पोती पोटमाळ्यावर चढवायला दोन धडधाकट माणसं लागतात. पुराच्या दिवशी ती माणसं दुसऱ्याच्या घरात पोती चढवत असतात. म्हणून वर्षाच्या धान्यातलं निम्मं जूनपासून वरच राहू द्या, खाली लागेल तेवढंच. खत भिजलं की गेलं, ते शेतीच्या हिशेबानं लागेल तसंच आणा. बियाणं, सोनं, मूळ कागद एका पत्र्याच्या पेटीत, आणि पेटी गावाबाहेर. सातबारा ऑनलाइन मिळतो, आधार आणि मार्कलिस्ट डिजिलॉकरवर येतात, पण जुनं खरेदीखत, वाटणीपत्र परत मिळवताना चप्पल झिजते.

पंचनाम्यासाठी : घर धुवायच्या आधी फोटो काढा. भिंतीवरची पाण्याची रेघ, त्याशेजारी घरातलं माणूस उभं, मागं घरपट्टीचा नंबर दिसेल असं. आमच्याकडं एका ठिकाणी आधी झाडून-पुसून लख्ख केलेल्या घरांना 'नुकसान दिसत नाही' असं ऐकून घ्यावं लागलं. स्वच्छता करावी, पण फोटोनंतर.

जुनं मातीच्या भिंतींचं घर असेल तर पाणी ओसरल्या ओसरल्या आत झोपायला जाऊ नका. पाण्यात उभी राहिलेली भिंत पाणी उतरल्यावर, ऊन लागल्यावर बसते.


परखड_पंत

एक भर माझीही. सरकारवर माझा राग आहे तो आहेच. पण ब्रह्मनाळला ८ ऑगस्ट २०१९ ला बोट उलटून माणसं गेली ते विसरता येत नाही. गावची बोट, त्यात मावतील त्यापेक्षा जास्त माणसं, कारण सगळे शेवटच्या क्षणापर्यंत थांबलेले. २०२४ च्या ऑगस्टमध्ये अकिवाट-बस्तवाड रस्त्यावर वाहत्या पाण्यात ट्रॅक्टर उलटला. दोन्हीकडं रस्ता गेल्यानंतरचा प्रवास होता. तेव्हा निवृत्तकाकांचा दुसरा आकडा मलाही पटला, एवढं कबूल.

पण मग चिखली-आंबेवाडीचं काय? १९८९ च्या पुरानंतर त्यांना सोनतळीला जागा मिळाल्या. तरी कितीतरी माणसं अजून जुन्या गावात राहतात, आणि दर मोठ्या पुरात त्यांना बाहेर काढावं लागतं. माणूस कायमचा का हलत नाही, यावरही कुणीतरी लिहा.


निवृत्त_पाटबंधारे

पंत, तो वेगळ्या धाग्याचा विषय, आणि तो तुम्हीच काढा. थोडक्यात सांगायचं तर जमीन, गोठा, नदीवरची मोटार इथं, आणि घराचा प्लॉट तिथं. सकाळी पाच वाजता धार काढायची असेल तर माणूस कुठं झोपेल?

मोटारीवरून आठवलं. पाणी चढायला लागलं की रात्री-बेरात्री पाच-सहा जण नदीवरच्या मोटारी काढायला उतरतात. पाय घसरून, शॉक लागून माणसं जातात ती यातच. मोटार काढायची वेळ दिवसाउजेडीची ठरवा. नुसती स्विच बंद करून भागत नाही, पेटीतले फ्यूज काढून खिशात घाला आणि मगच पाण्यात पाय. रात्री राहिली तर राहू द्या. मोटार पुन्हा भरून घेता येते.


नदीकाठचा

सगळ्यांचे मनापासून आभार. काल घरी मोठी फोनाफोनी झाली. दूध गोळा करणाऱ्या गाडीवाल्याला २०२१ चा दिवस चक्क आठवत होता, कारण त्याची गाडी पलीकडं अडकली होती. त्यावरून रस्त्याचा आकडा निघाला. इथं देत नाही, शेजारच्या गावाचा वेगळा असणार आणि कुणीतरी तोच धरून बसेल. आमच्या उंबऱ्याच्या आकड्यापेक्षा तो बराच खाली आहे, इतका की वडील थोडा वेळ काही बोललेच नाहीत.

ठरलं ते असं. निघायचा निर्णय काकूचा. पुण्यातल्या मुलांचा नाही, वडिलांचाही नाही. तिचं सगळे ऐकतात आणि ती आकाशाकडं बघून मत बदलत नाही. वैरण आत्याच्या गावी पुढच्या आठवड्यात. जयसिंगपूरच्या मावसभावाकडं पत्र्याची पेटी. जिल्हा नियंत्रण कक्षाचा १०७७ आणि ११२ दारामागं आकड्याच्या खाली. पॉवर बँक आहे, पण मागच्या वेळी टॉवरच बंद पडले होते म्हणून सेलवरचा रेडिओ घेतोय. आकाशवाणी सांगली लागते.

एक राहिलं : गॅसचं सिलिंडर माळ्यावर चढवायचं की खाली ठेवायचं?


कागदोपत्री

वर चढवू नका, आणि मोकळं तर अजिबात ठेवू नका. भरलेलं सिलिंडरसुद्धा पाण्यावर तरंगतं. रेग्युलेटर काढा, तोंडाला टोपी लावा, आणि सिलिंडर उभं करून खिडकीच्या गजाला नाहीतर खांबाला घट्ट बांधा. परत आल्यावर घरात गॅसचा वास येतो का ते आधी बघा, दारं-खिडक्या उघडा, मग शेगडी. मेन स्विच निघतानाच बंद केलेला असला पाहिजे, आणि वायरमननं बघितल्याशिवाय चालू करायचा नाही. इन्व्हर्टरची बॅटरी तेवढी वर न्या, ती जड असते म्हणून सगळे शेवटी ठेवतात आणि मग राहते.


मीनल_क

आणि काकूंना सांगा, चूल मांडायला थोडं कोरडं जळण माळ्यावर टाकून ठेवा. पूर ओसरला की गॅस मिळायला वेळ लागतो आणि गावभर ओलं लाकूड. आमच्याकडं पहिला चहा शेजारणीच्या जळणावर झाला होता. त्यावर तिनं अजून मला ऐकवायचं सोडलेलं नाही.